वहीचं मागचं पान : तंबाखूच्या काढ्याचं एक प्रकरण

सकाळी पावणेनऊला वहिनींचा फोन आला. "भाऊजी, यांना काहीतरी होतंय. दरदरून घाम आलाय, तोंडाला सारखं पाणी सुटतंय, दोनदा उलटी झाली. पित्त झालंय म्हणतात."

"सकाळपासून काय करत होता?"

"मिरचीवर फवारत होते. पण औषध नाही हो, घरचंच. तंबाखूचं पाणी."

मी पीकसंरक्षणाच्या सल्ल्याचं काम करतो. दुसऱ्यांच्या शेतात अशा घटना घडल्या की त्यांची नोंद करून ठेवणं हा त्यातलाच भाग. ही नोंद मात्र घरातली आहे आणि दादाला विचारून लिहितो आहे. "लिही, पण मला अगदीच बावळट करू नकोस," एवढी एकच अट त्याने घातली. ती पाळणं अवघड नाही. त्याने जे जे केलं, त्या प्रत्येकाला त्या वेळी त्याच्यापाशी काहीतरी कारण होतं.

काढा कसा झाला

घरामागे भाजीचा तुकडा आहे. टोमॅटोच्या चार ओळी, मिरचीच्या तीन, कडेला थोडी वांगी. मिरचीचे शेंडे माव्याने, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडीने, गच्च भरले होते. पानं मुडपलेली, खालच्या पानांवर चिकटा, आणि चिकट्याच्या वासाने मुंग्यांची खोडावरून ये-जा. महिन्याभरात दोनदा युरिया पडल्यामुळे फूट लुसलुशीत आली होती. माव्याला तर तेच हवं असतं. त्यामुळे खरं म्हणजे प्रकरण इथूनच सुरू होतं, पण ते आम्हाला पुष्कळ उशिरा सुचलं.

घरात वडिलांची एक लांबट, पुठ्ठ्याची वही आहे. त्यात जनावरांच्या गाभण्या, उसनवाऱ्या आणि मधेमधे घरगुती औषधं लिहिलेली आहेत. दादाने त्यातलं 'तंबाखूचा काढा' हे पान शोधलं, मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि वही परत कपाटात ठेवली. फोटोत मजकूर एवढाच: तंबाखूचा चुरा अर्धा किलो, पाणी साडेचार लिटर, मंद आचेवर अर्धा तास किंवा एक दिवस भिजत. साबण १२० ग्रॅम वेगळ्या पाण्यात विरघळवून मग मिसळणे.

मावा फार आहे म्हणून दादाने चुरा एक किलो घेतला. घरात वास नको म्हणून उकळला नाही, रात्रभर बादलीत भिजवला. पहाटे जुन्या फडक्यातून उघड्या हातांनी पिळून काढला. साबण विरघळत होता तेवढ्या वेळात हात त्याच फडक्याला पुसले आणि टोमॅटोच्या पहिल्या दोन ओळींची बगलफूट, म्हणजे पानांच्या बेचक्यातली कोवळी फूट, खुडून टाकली. रिकामा वेळ त्याला सहन होत नाही. मग साबणाचं पाणी मिसळून सगळं पाठीवरच्या पंपात ओतलं. थोडं उरलं ते शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलं. रंग हुबेहूब कोऱ्या चहाचा.

पंपाच्या झाकणाचा वॉशर झिजलेला होता. वाकलं की मानेखाली धार यायची आणि पाठीवरून कमरेपर्यंत ओघळायची. गार लागायचं, बरं वाटायचं, असं तो नंतर म्हणाला. चुऱ्याच्या कणांनी नोझल दोनदा चोंदलं, तेव्हा ते काढून तोंडाने फुंकलं. पाऊण तासात फवारणी झाली. मावा पटापट गळत होता म्हणून उत्साहात त्याने सगळ्या ओळींवरून दुसरा हात मारला.

आधी जांभया, मग तोंडात पाणी, मग पोटात ढवळणं. हातांना कंप सुटला तेव्हा तो सावलीत आडवा झाला. ओल्या शर्टासकट. तसाच अर्धा तास गेला. वहिनींना शंका आली ती उलटीमुळे नव्हे, तर त्याचा चेहरा पांढराफटक पडला म्हणून.

फोनवर मी पहिलं विचारलं, "शर्ट काढला का?"

"नाही, झोपलेत ते."

"आधी शर्ट काढा वहिनी, बनियनसुद्धा. हातात प्लास्टिकच्या पिशव्या घाला आणि मग हात लावा. साधं गार पाणी मानेपासून खाली ओतत राहा, पंधरा मिनिटं तरी. काही पाजू नका, बोटं घालून ओकारी काढू नका. आणि गाडी बोलवा."

फोन ठेवता ठेवता त्यांनीच विचारलं, "ती ओट्यावरची बाटली?" तोवर मला बाटलीचं काही ठाऊकच नव्हतं. घरात पाच वर्षांचा नातू आहे.

"कोणतं औषध मारलंत?"

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. दादाचं उत्तर: "औषध नाही, घरचंच होतं." माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सर्वांत धोकादायक घटना ती हीच, नोझल फुंकण्यापेक्षाही.

कारण घाम, लाळ, उलटी, कंप ही लक्षणं सेंद्रिय फॉस्फरस वर्गातल्या कीटकनाशकांच्या विषबाधेतही दिसतात. त्या विषावर ठरलेले उतारे आहेत. तंबाखूतल्या निकोटीनला तसा खास उतारा नाही. तिथे श्वास, नाडी आणि रक्तदाब सांभाळत शरीराला ते बाहेर टाकू द्यायचं, एवढंच हाती असतं. म्हणजे अंगावर नेमकं काय सांडलं, यावरून उपचाराची दिशा बदलते. आणि 'घरचंच' म्हटल्यावर ऐकणारा डॉक्टर फवारणी सोडून अन्नातून विषबाधा, ऊन, हृदय अशा दिशांनी विचार करू लागतो. मी पोचून एक किलो तंबाखू, साडेचार लिटर पाणी, साबण आणि ओली पाठ हे सांगितलं, तेव्हा त्यांनी कागदावर एकच शब्द लिहून त्याखाली रेघ मारली. दादाला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ठेवून घेतलं. नाडी आधी फार वेगात होती, दुपारनंतर खाली आली. रात्री त्याने जेवायला मागितलं.

निकोटीनचं काम मज्जातंतूंवर चालतं. ॲसिटिलकोलीन नावाचा निरोप्या जिथे बसतो, ती जागा ते बळकावतं. आधी तंतू भडकतात, मग मात्रा जास्त असली तर थंड पडतात. अशा वेळी श्वासाचे स्नायू थांबले की माणूस जातो. माव्याच्या शरीरात जी जागा असते, तशीच आपल्यातही असते. माव्याचा जीव एवढासा आणि दादा ऐंशी किलोचा, या फरकावरच ही सगळी फवारणी उभी होती.

कातडीतून ते आत जातं, हे बहुतेकांना खरं वाटत नाही. तंबाखूच्या शेतात पानं तोडणाऱ्या मजुरांना दवात किंवा पावसात भिजलेल्या पानांमुळे हाच त्रास होतो. त्या आजाराला 'ग्रीन टोबॅको सिकनेस' असं नावही आहे. त्यात तंबाखू ओढावी-खावी लागत नाही, ओली बाही पुरते. आमच्याकडे त्यात साबणाची भर पडली. साबणाचं पाणी अल्कधर्मी असतं, आणि अल्कधर्मी पाण्यात निकोटीन ज्या रूपात येतं ते कातडीतून झपाट्याने आत शिरतं. तंबाखूला चुना लावला की ती लवकर का चढते, हे खाणाऱ्याला विचारा. रसायन तेच. साबण घालतात तो पानावर पाणी पसरावं म्हणून. ते पाठीवरही तितकंच छान पसरतं.

चौदापट

दादा घरी आल्यावर मी वही मागितली. फोटोतलं पान बघितलं आणि उलटलं. मागे, त्याच शाईत, पुढचा मजकूर होता: 'मारताना एका भागास सहा भाग पाणी. वारा पाठीशी घेणे. कपडे लगेच उतरवून अंघोळ.'

दादा बराच वेळ त्या पानाकडे बघत बसला.

आता हिशेब. वहीप्रमाणे अर्ध्या किलोचा काढा सातपट पातळ व्हायला हवा होता. तंबाखू दुप्पट घेतली आणि पाणी वाढवलंच नाही, म्हणजे ठरल्याच्या चौदापट कडक द्रावण. चुऱ्यात निकोटीन किती होतं यावर हा आकडा अवलंबून नाही, आणि म्हणूनच मला तो महत्त्वाचा वाटतो. निकोटीनचं प्रमाण मात्र घरी कळायला मार्गच नाही. वाळल्या पानात ते साधारण १ ते ३ टक्के असतं. निकोटियाना रस्टिका या जातीत त्याहून बरंच जास्त. एका पोत्यातल्या चुऱ्याचा काढा जेमतेम मावा मारतो, तर दुसऱ्या पोत्यातला माणसाला आडवा करतो, आणि दोन्हींचा रंग एकच.

२ टक्के धरलं तर किलोभर चुऱ्यात २० ग्रॅम निकोटीन. सगळं पाण्यात उतरत नाही, निम्मं धरा. तरी साडेचार लिटरमध्ये १० ग्रॅम, म्हणजे ओट्यावरच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत सुमारे १ ग्रॅम. मोठ्या माणसाला ६० मिलिग्रॅम घातक असं पुस्तकांतून वर्षानुवर्षं छापत आले. ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठाच्या बर्न्ड मायर यांनी २०१४ साली त्या आकड्याचं मूळ शोधलं, तर तो एकोणिसाव्या शतकात काहींनी स्वतःवर केलेल्या संशयास्पद प्रयोगांपर्यंत जाऊन पोचला. त्यांचा स्वतःचा अंदाज पुष्कळ सैल आहे: पोटात गेलेलं अर्धा ते एक ग्रॅम. हा सैल आकडा घेतला तरी त्या बाटलीत एक मोठा माणूस मरेल एवढा ऐवज होता. नातवासाठी काही घोटांचं काम.

हे सगळं सांगितल्यावर वहिनी म्हणाल्या, "पण मामंजी आयुष्यभर हेच मारत होते ना?" प्रश्न रास्त आहे. जुन्या पद्धतीला नावं ठेवणाऱ्याने त्याचं उत्तर द्यायलाच हवं. मामंजी, म्हणजे आमचे वडील, हे मारत होते ते मागच्या पानासकट. त्यांच्याकडे पाठीवरचा पंप नव्हता. ते बादलीत केरसुणी बुडवून झाडांवर शिंपडायचे. थेंब मोठे असत, खाली पडत. नोझलच नव्हतं, मग फुंकणार काय? दादाने कृती जुनी घेतली आणि अवजार नवं, आणि दोघांच्या मधली काळजी कपाटातच राहिली.

आणखी एक गोष्ट वहिनींना सांगितली, ती त्यांना पटली नाही. तंबाखूचं पाणी कीटकनाशक म्हणून सतराव्या शतकाअखेरीपासून वापरात आहे. जर्मनीत पोसेल्ट आणि रायमान यांनी १८२८ साली शुद्ध निकोटीन वेगळं केलं. पुढे निकोटीन सल्फेट बाटल्यांतून विकलं जाऊ लागलं. म्हणजे हे 'औषध नाही' असं कधीच नव्हतं. अमेरिकेत त्याच्या शेवटच्या कीटकनाशकाची नोंदणी २०१४ मध्ये संपली. आणि गंमत अशी की तिथल्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत ज्या मोजक्या नैसर्गिक पदार्थांना नावानिशी मनाई आहे, त्यांत आर्सेनिकच्या शेजारी तंबाखूची भुकटीही आहे.

बारा दिवसांनी टोमॅटो

इथे प्रकरण संपलं असं वाटलं होतं. मग टोमॅटोची नवी पानं चट्टेरी दिसायला लागली. फिकट हिरवे, गडद हिरवे ठिपके, काही पानं अरुंद होऊन नेच्यासारखी. फवारणी सगळ्याच ओळींवर झाली होती, पण रोग दिसला तो पहिल्या दोन ओळींत, आणि त्यातही ओळीच्या सुरुवातीला जास्त, शेवटाकडे विरळ होत गेलेला. मी दादाला विचारलं, बगलफूट कुठून खुडायला लागलास? त्याने जिथे बोट दाखवलं, तिथलं झाड सर्वांत वाईट होतं.

हा टोबॅको मोझॅक विषाणू. १८९२ साली रशियात दिमित्री इव्हानोव्स्कींना दिसलं की रोगट तंबाखूचा रस जिवाणू अडतील इतक्या बारीक गाळणीतून काढला तरी त्यातला रोग जात नाही. १८९८ मध्ये हॉलंडच्या मार्टिनस बायरिंक यांनी हे काहीतरी जिवाणूपेक्षा वेगळंच आहे असं मांडलं. विषाणूंचं शास्त्र इथूनच सुरू झालं. हा विषाणू वाळलेल्या पानात वर्षानुवर्षं टिकून राहतो आणि टोमॅटो, मिरची, वांगं ही तंबाखूचीच भावकी. त्याला पसरायला किडा लागत नाही. खुडलेल्या देठाची ताजी जखम आणि चोथा पिळलेले हात एवढं पुरतं. उकळी दिली असती तर तो मेला असता. ९०-९५ अंशांवर दहा मिनिटं त्याला सोसत नाहीत. वहीत 'किंवा' होतं, दादाने सोयीची बाजू घेतली. प्रयोगशाळेत पान पाठवलं नाही, पण ओळीतला तो उतरता क्रम पाहिल्यावर मला तरी गरज वाटली नाही.

या रोगाला औषध नसतं. अकरा झाडं मुळासकट उपटून जाळली. बाकीच्यांची बगलफूट काढताना वहिनींनी साय काढलेलं दूध एका भांड्यात घेतलं आणि झाडागणिक बोटं त्यात बुडवली. दुधातली प्रथिनं विषाणूला गुंडाळून टाकतात. हा रोपवाटिकांमधला जुना उपाय आहे, तपासून खरा ठरलेला. दादा म्हणाला, "आता हे घरचं चालतं का?" चालतं. बोटं दुधात बुडवून कोणाला गाडीत घालून न्यावं लागत नाही.

आवराआवर

उरलेल्या काढ्याचं काय करायचं, हा प्रश्न कृती लिहिणारा कधीच लिहीत नाही. मोरीत ओतला असता तर तो पुढे पाण्याला मिळाला असता. बाटलीतला ऐवज पुष्कळ पाण्यात पातळ करून, विहीर आणि ओढा दोन्हींपासून लांब, काही पेरलेलं नाही अशा मोकळ्या जमिनीवर पसरून शिंपला. मातीतले जिवाणू निकोटीन फोडतात. बाटली ठेचून फेकली, म्हणजे कोणी पुन्हा भरणार नाही. चोथा दादाने त्या सकाळीच उकिरड्यावर टाकला होता आणि कोंबड्या तिथेच उकरत होत्या. तो गोळा करून खोल पुरला. मिरची आठवडाभर तोडू दिली नाही. शर्ट इतर कपड्यांत न घालता वेगळा, दोन पाण्यांनी धुतला आणि शेवटी वहिनींनी तो फेकूनच दिला. पंपाचा वॉशर बदलला. नोझल साफ करायला जुना दातब्रश आता पंपालाच बांधून ठेवलेला आहे.

याच निमित्ताने घरातल्या बाकीच्या 'घरच्यां'कडेही बघून घेतलं. कळीचा चुना विरवताना पाणी आधी आणि चुना नंतर, थोडा थोडा, डोळ्यांना चष्मा. ब्लीचच्या पाण्यात व्हिनेगर किंवा दुसरं कुठलंही आम्ल कधी नाही, क्लोरीन वायू सुटतो. कडुनिंबाचं तेल फवाऱ्यापुरतं. तान्ह्या मुलांना ते पाजल्यावर झटके येऊन जीव गेल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. धान्यात पाला घातलाय तर घातलाय, पण त्याच कणगीत कोणी फॉस्फाइडच्या गोळ्या टाकल्या असतील तर त्या खोलीत कोणी झोपलेलं नको, त्यांतून विषारी वायू सुटतो.

माव्यासाठी तंबाखू मी सुचवत नाही, पातळ करूनही नाही. ती मारते हे खरं आहे. पण ती मावा खाणाऱ्या ढालकिड्याच्या अळ्यांनाही मारते आणि माव्याला तर पिढी उभी करायला आठवडा पुरतो. आमच्या मिरचीवर तो दोन आठवड्यांत परत आला, या वेळी खाणारं कोणी नसताना.

दुसऱ्या खेपेला युरिया बंद केला, शेंड्यांवर नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा दिला आणि दोन दिवसांनी साबणपाणी मारलं. लिटरला १० ग्रॅम, साधा वडीचा साबण, कपड्यांची पावडर नव्हे, ती पानं भाजते. विहिरीचं पाणी जड, त्यात साबणाचे दह्यासारखे गोळे झाले आणि मावा तसाच. म्हणून साठवलेलं पावसाचं पाणी घेतलं. आधी एका झाडाच्या चार पानांवर मारून दोन दिवस थांबलो. साबण अंगावर पडला तरच मावा मरतो, वाळल्यावर त्याचा काही उपयोग नाही, त्यामुळे पानाच्या खालून मारावं लागतं आणि कंटाळा न करता तीनदा मारावं लागतं. दादाला हे काम आवडत नाही. पहिल्यासारखा मावा पटापट गळत नाही, म्हणतो.

उरलेलं साबणपाणी डब्यात ठेवतो. डब्यावर वहिनींनी पट्टी चिकटवली आहे: काय आहे, किती लिटरला किती, कोणत्या तारखेला केलं, कोणी केलं. खाली मोठ्या अक्षरात 'पिऊ नये'. दादाचं म्हणणं, फेसाळलेलं साबणाचं पाणी कोण पितंय. वहिनी पट्टी काढू देत नाहीत.